घमेलं सगळ्यांना सारखं

बडोद्याजवळच्या पादरा तालुक्यातून आलेलं हे पत्र सहा पानांचं आहे. जागेसाठी आवरून घेतलं आहे, शब्द त्यांचेच.

"काका, माझं माहेर दांडिया बाजारचं. वाड्यात सकाळी दूधवाला यायचा, म्हशीशी संबंध एवढाच. लग्न होऊन पादऱ्याकडे आले. मिस्टर मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात होते. तीन वर्षांपूर्वी ते काम सुटलं, आता बडोद्यात रिक्षा चालवतात. गोठा सासूबाई आणि मी बघतो. चार म्हशी, एक संकरित गाय, तिची सहा महिन्यांची कालवड, दोन रेडकं. पहिली म्हैस दोन्ही वेळचं मिळून ९ लिटर देते, दुसरी ५. तिसरी सहा महिन्यांची गाभण, दीड लिटरवर आली आहे. चौथी आटली, तिला आठवा संपत आला. गाय ८ लिटर देते, पण तीनदा भरवली आणि तीनदा उलटली. दिवाळीनंतर मंडळीत फॅट सातावरून पावणेसहावर आली. मंत्र्यांशी बोलले, ते म्हणाले मशीन खोटं बोलत नाही. आम्ही घालण्यात कुणाचं कमी करत नाही. सगळ्या मोठ्या जनावरांना सकाळ-संध्याकाळ एकेक घमेलं दाण, अगदी सारखं. शेजारच्या शेतातून फुलकोबीचा पाला फुकट मिळतो, तो भरपूर घालतो, म्हणून कडबाही कमी विकत घ्यावा लागतो. रेडकांना शेवटी सोडतो, त्यांचं पोट मारत नाही. तरी हे असं. सल्ला देणारे ढीगभर. दाणवाला म्हणतो महागातलं दाण घ्या. बीजदानवाला म्हणतो गाय विका. मोबाइलवर रोज नवा व्हिडिओ. गावात शिबिर झालं, निरोप मिस्टरांच्या नावाने आला आणि ते रिक्षावर. मी गेले तर मागे बसवलं. चहा झाला, फोटो झाला, साहेब गेले ते गेलेच. आता ओळखीतले एक जण म्हणतात, चार म्हशींत काय राहतं, कर्ज काढून दहाचं युनिट करा. मी कोणाचं ऐकू? की सगळं विकून मोकळी होऊ? – दावणीला बांधलेली."

ताई,

विकायचं तूर्त डोक्यातून काढा. तुमच्या गोठ्याची अर्धी दुखणी तुम्ही स्वतःच पत्रात लिहून ठेवली आहेत, आणि ती दूर करायला नवं काही विकत आणावं लागणार नाही.

आधी एक कबुली. "मंत्र्यांशी बोलले" हे वाचून मी क्षणभर गांधीनगरपर्यंत जाऊन आलो. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्या गुजरातेत दूध सहकारी संस्थेला मंडळी म्हणतात आणि तिच्या सचिवाला मंत्री. दुधाच्या पैशाला पगार म्हणतात, वर्षअखेरीच्या वाढीव रकमेला भावफेर आणि जनावरांच्या खुराकाला दाण. इथल्या मराठी घरांतही हेच शब्द चालतात.

आता घमेल्याकडे येऊ. तुमच्या घमेल्यात किती मावतं ते पत्रात नाही. मी २ किलो धरतो. म्हणजे पाच मोठ्या जनावरांना रोज ४-४ किलो, एकूण २० किलो दाण. आता प्रत्येकीला खरं किती लागतं ते पाहू. ठोकताळा जुनाच आहे: अंग टिकवायला साधारण दीड किलो, त्यावर म्हशीला दर २ लिटर दुधामागे १ किलो, गाईला दर अडीच लिटरमागे १ किलो, आणि गाभणीला शेवटचे दोन महिने दीड किलो जादा. त्या हिशेबाने ९ लिटरवालीला ६ किलो हवं. ५ लिटरवालीला ४. दीड लिटरवालीला सव्वादोन पुरे. आटलेल्या आठव्या महिन्यातलीला ३. गाईला पावणेपाच. बेरीज करा: २० किलो. तेवढंच दाण, तेवढंच बिल. फक्त आज ९ लिटरवाली दोन किलोंनी उपाशी आहे आणि तिच्या वाटचं शेजारणीच्या अंगावर चरबी होऊन बसतंय.

हे काही माझं संशोधन नाही. आणंदच्या राष्ट्रीय डेअरी विकास मंडळाने याच हिशेबावर अख्खा कार्यक्रम उभा केला होता. गावातल्याच एखाद्या बाई-माणसाला शिकवायचं, त्याने घरोघर जाऊन जनावराची छाती फितीने मोजायची, दूध मोजायचं, घरात कोणता चारा आहे ते बघायचं आणि त्यातून स्वस्तात स्वस्त बसणारा आहार काढून द्यायचा. त्यातली खुबी कॉम्प्युटरमध्ये कमी आणि तो माणूस गावातलाच असण्यात जास्त होती. त्यावर पुढे बोलतो.

बदल एका दिवसात करू नका, आठ-दहा दिवस घ्या, नाहीतर पोटं बिघडतील. आणि सासूबाईंशी वाद घालू नका. सारखं वाढणं हा त्यांचा संस्कार आहे आणि माणसांच्या पंगतीत तो बरोबरच आहे. त्यांना एवढंच म्हणा, "आई, बाळंतिणीसाठी केलेले डिंकाचे लाडू आपण घरात सगळ्यांना सारखे वाटतो का?" पटेल त्यांना. नाही पटलं तर एका म्हशीवर महिनाभर करून दाखवा, दूध बोलेल.

फॅटचं कारण मला दोन जागी दिसतं, आणि दोन्ही चांगुलपणातून आलेली आहेत. पहिली जागा फुलकोबीची. पादऱ्याच्या भाजीपट्ट्यात हिवाळ्यात हा पाला उकिरड्यावर जातो, तो जनावराला घालणं शहाणपणाचंच. पण पाला म्हणजे बहुतेक पाणी. म्हशीच्या पोटात कडबा, पेंढा यांसारखा तंतू असलेला चारा कुजतो तेव्हा जे आम्ल तयार होतं, त्यातून दुधातली चरबी बनते. कडबा कमी केलात, फॅट उतरली, आणि तीही नेमकी दिवाळीनंतर, पाल्याच्या हंगामात. मोठ्या जनावराच्या पोटात रोज ४ ते ६ किलो वाळला चारा गेलाच पाहिजे. कडबा कुट्टी करून पाल्यात मिसळा, आधी वाळलं आणि मग ओलं. आणि पाला आणताना शेतवाल्याला फवारणी कधी केली होती ते विचारत जा. भाजीवर फवारतात ते औषध पाल्यावरही बसतं.

दुसरी जागा रेडकांची. एका धारेत सुरुवातीचं दूध पातळ असतं आणि शेवटचं सर्वांत दाट. शेवटच्या धारा रेडकाला गेल्या म्हणजे मलई त्याने खाल्ली आणि मंडळीच्या मशीनमध्ये पातळ दूध गेलं. मंत्री खरं तेच सांगत होते. रेडकाचं पोट मारायला मी सांगत नाही. पान्हा सोडायला त्याला आधी सोडा, मग त्याच्यासाठी एक सड अखंड ठेवा आणि बाकीच्या तीन सडांची धार शेवटपर्यंत काढा. त्याला त्याचं पातळ-दाट दोन्ही मिळेल, तुम्हाला तुमचं.

तरीही मशीनबद्दल शंका राहिली तर भांडायला जाण्याआधी एक दिवस प्रत्येकीचं दूध वेगळं काढा, नीट ढवळा आणि चार बाटल्यांत नमुने नेऊन मंत्र्यांना वेगवेगळे तपासून द्यायची विनंती करा. सकाळचे आणि संध्याकाळचे दोन्ही. मंडळी सभासदांची आहे, एवढं मागायचा हक्क आहे. आणि गाईचं दूध म्हशीच्या कॅनमध्ये ओतत असाल तर ते आधी बंद करा. ही गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, पण मी इतक्या गोठ्यांत पाहिली आहे की विचारल्याशिवाय राहवत नाही.

आता गाय. "तीनदा उलटली", म्हणजे बीज भरवूनही गाभ न राहता पुन्हा माजावर आली, एवढ्यावरून कोणताही डॉक्टर काही सांगू शकणार नाही, आणि तुमच्या बीजदानवाल्यानेही विकायचा निकाल द्यायला नको होता. मला त्या तीन तारखा हव्यात. दोन भरवण्यांत १८ ते २४ दिवसांचं अंतर असेल तर एक अर्थ निघतो: गाभ धरलाच नाही, वेळ चुकली असेल किंवा बीज रुजलं नसेल. अंतर ३५-४० दिवसांचं असेल तर दुसरा: एक माज तुमच्या नजरेतून सुटला असेल किंवा धरलेला गाभ लवकरच गेला असेल. उपाय वेगवेगळे आहेत. तारखा लिहिलेल्या नसतील, तर भिंतीवरच्या कालनिर्णयावर निदान इथून पुढे गायीच्या नावाने खूण करायला लागा.

वेळेचा नियम सोपा आहे. सकाळी माजावर दिसली तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसली तर दुसऱ्या दिवशी सकाळी. अडचण अशी की तुम्हाला माज दिसतो सकाळी आठला धार काढून झाल्यावर, पण तो सुरू झालेला असतो रात्री. म्हणून झोपण्याआधी आणि पहाटे उठल्या उठल्या, दोनदा पाच-पाच मिनिटं गोठ्यात नुसतं उभं राहून बघा. काचेसारखा स्वच्छ, तार धरणारा सोट, म्हणजे माजाचा स्राव, असेल तर ठीक. गढूळ किंवा पांढुरका असेल तर त्या खेपेला भरवू नका, डॉक्टरांकडून गर्भाशय तपासून घ्या. आणि पावणेपाच किलोंच्या जागी चार किलोंवर ती ८ लिटर देतेय हे विसरू नका. गाय आधी दूध देते, मग अंग सावरते, गाभ धरायचं तिच्या यादीत शेवटी. दाण्यात रोज ५० ग्रॅमच्या आसपास क्षारमिश्रण घाला, म्हशींनाही. चुकलेला एक माज म्हणजे २१ दिवस. दिवसाला दीडशे रुपयांचा चारा-दाणा धरला तर तीन हजार दीडशे रुपये. त्यापुढे कालनिर्णयावर खूण करायचा कंटाळा महाग पडतो.

आता तुमचा खरा प्रश्न: ऐकायचं कोणाचं?

मी पशुधन निरीक्षकाच्या नोकरीत नवा होतो, तेव्हाची गोष्ट सांगतो. डभोईकडच्या एका गावात मी भाताच्या पेंढ्यावर युरियाची प्रक्रिया शिकवली. १०० किलो पेंढा, ४ किलो युरिया, ५० लिटर पाणी, थर देऊन दाबायचा, प्लास्टिकने हवाबंद झाकायचा आणि २१ दिवस उघडायचा नाही. त्यानंतर थोडा वेळ हवेशीर ठेवून घालायचा. रंगीत तक्ते नेले होते. लोक माना डोलवत होते. मी वहीत चाळीस पशुपालकांना प्रशिक्षण दिलं असं लिहिलं आणि परत आलो. पुढच्या आठवड्यात जायला हवं होतं, दुसऱ्या तालुक्याचं काम निघालं, राहून गेलं. एका शेतकऱ्याच्या डोक्यात सगळ्या तक्त्यांमधून एकच वाक्य उरलं होतं, "युरियाने पेंढा सकस होतो." त्याने मूठभर युरिया थेट गव्हाणीत शिंपडला. म्हैस थरथरली, फुगली, तोंडाला फेस. शेजारच्या गावचे डॉक्टर घरीच सापडले म्हणून वाचली, व्हिनेगर आणि गार पाणी पाजून. मी महिन्याने गेलो तेव्हा तो माणूस रागावला नाही. म्हणाला, "साहेब, तुम्ही परत आला असतात तर घालण्याआधी विचारलं असतं." नंतरच्या सगळ्या नोकरीत मला कुणी इतकं बोललेलं आठवत नाही.

तेव्हापासून माझी कसोटी ही. सल्ला देणारा किती शिकलेला, कुठल्या खात्याचा, दाण विकतो की फुकट सांगतो, हे नंतर. पहिला प्रश्न, तो पुन्हा येणार का? व्हिडिओ पुन्हा येत नाही. शिबिराचे साहेब आले नाहीत. दाणवाला मात्र पुन्हा येतो, पण तो दाण्याच्या गोणीसाठी येतो. तुम्हाला असा माणूस शोधायचाय, जो त्याने सांगितलेलं केल्यावर काय झालं ते बघायला येईल.

तो बहुधा दुधाच्याच वाटेवर सापडेल. १९४६ साली खेडा जिल्हा संघ सुरू झाला आणि १९५७ साली आपला बडोदा जिल्ह्याचा संघ, तेव्हापासून या भागात पशुवैद्य, बीजदान, दाण, चाऱ्याचं बियाणं हे सगळं संघ आणि मंडळीच्या जाळ्यातून गावात येतं. कारण साधं: तुमचं दूध वाढलं तर त्यांचं वाढतं. त्यामुळे मंडळीत संघाचे डॉक्टर कोणत्या वारी येतात ते विचारा आणि त्या वारी तुम्ही स्वतः हजर राहा. सरकारी बाजूला तालुका पंचायतीची पशुपालन शाखा आहे. तिथले पशुधन निरीक्षक लसीकरण आणि कानातल्या बिल्ल्यांसाठी दारोदार येतातच, त्यांना पाणी देऊन पाच मिनिटं बसवा. दहा गावांमागे एक फिरता दवाखाना आहे, तुमच्या गावी त्याचा वार ठरलेला असेल. आजारासाठी १९६२ हा नंबर. शेती-पशुपालनाच्या प्रश्नांसाठी किसान कॉल सेंटर, १८००-१८०-१५५१, सकाळी ६ ते रात्री १०, आपल्या भाषेत बोलतात. अवघड केस असेल तर आणंदचं पशुवैद्यकीय महाविद्यालय बडोद्यापासून चाळीसेक किलोमीटरवर आहे. योजनांचे अर्ज आय-खेडूत पोर्टलवर, ग्रामपंचायतीच्या ई-ग्राममधून भरून मिळतात.

एवढी माणसं असूनही तुमच्या दारात कुणी टिकत नाही, याचं एक कारण त्यांच्याकडे आहे, एक तुमच्याकडे. त्यांच्याकडचं तुम्ही बदलू शकत नाही. एका निरीक्षकाकडे किती गावं असतात ते मी भोगलेलं आहे. तुमच्याकडचं हे की त्याला दाखवायला तुमच्या हातात काही नाही. "दूध कमी झालंय हो" म्हटलं की तो "क्षारमिश्रण घाला" म्हणतो आणि पुढच्या घरी जातो. त्याच्यापुढे वही उघडली तर तो बसतो. स्वानुभव सांगतोय. वही दाखवणाऱ्या घरी मी दोनदा चहा प्यायलोय.

वही साधी करा. प्रत्येक जनावराला दोन पानं. आठवड्यातून एकच दिवस, सोमवार धरा, सकाळ-संध्याकाळचं दूध मोजून लिहायचं. रोज लिहायला गेलात तर पंधरा दिवसांत सुटेल. महिन्यातून एकदा फॅट. दाण किलोत. माज, भरवणं, व्यायलं, आटवलं, लस, जंताचं औषध, एवढ्याच्या तारखा. कानातल्या बिल्ल्याचा १२ आकडी नंबर पानाच्या डोक्यावर. विमा, लस, मोबाइल दवाखाना, सगळीकडे तोच विचारतात. बिल्ला पडला तर नवा मारून घ्या.

मग शिबिराचं. पुढच्या वेळी निरीक्षकांना शिबिर घ्यायला सांगू नका. गल्लीतल्या पाच-सहा जणी मिळून त्यांना तुमच्या गोठ्यात बोलवा, अकरा वाजता, जेव्हा धारा, शेण, डबे सगळं उरकलेलं असतं. पंचायतीच्या हॉलमध्ये बाई मागे बसते. गोठ्यात मागे बसायला जागाच नसते. विषय एकच ठेवा. एका महिन्यात फॅट, दुसऱ्यात उलटणाऱ्या गाई. आणि निघताना पुढची तारीख वहीत त्यांच्याच हाताने लिहून घ्या. कृषी विभागाच्या आत्मा योजनेत बायकांचे असे गट धरले जातात, तेही विचारून ठेवा.

सयाजीराव महाराजांच्या बडोदे राज्यात १९१० नंतर पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरत. पेटी यायची, वाचून व्हायची, परत जायची, नवी यायची. पेटी परत न्यायला माणूस पुन्हा यायचा, म्हणून गाव वाचायचं, असं मला उगाचच वाटत आलंय. असो, विषयांतर झालं.

निरोप मिस्टरांच्या नावाने येतो, ते मात्र गंभीर आहे. मंडळीत सभासद कोण आहे? ते असतील, तर प्रशिक्षणाचा निरोप, भावफेर आणि मत, तिन्ही त्यांच्या नावाने. दूध तुम्ही काढता आणि भरता. सभासदत्व स्वतःच्या नावावर करून घ्या, आणि एका घरातून एकच सभासद असा तुमच्या मंडळीचा नियम असेल तर त्यांच्या नावावरून तुमच्या नावावर बदलून मागा. पगारही तुमच्या खात्यात. रिक्षावाल्या माणसाला यात हरकत असू नये. असलीच, तर त्यांना एक आठवडा पहाटेची धार काढायला सांगा.

दहा म्हशींच्या युनिटला माझा नकार. चार जनावरांत ज्या चुका होताहेत त्या दहांत अडीचपट होतील, वर हप्ता. तुमच्या घरी दोन जोड्या हात आहेत आणि त्यातली एक सासूबाईंची. चाऱ्याची जमीन किती, तेही तुम्ही लिहिलेलं नाही. बँकेकडे जायचंच असेल तर पशुपालनाच्या किसान क्रेडिट कार्डासाठी जा. १ जानेवारी २०२५ पासून २ लाखांपर्यंत तारण लागत नाही, पूर्वी ही मर्यादा १ लाख ६० हजार होती. व्याज ७ टक्के, वेळेत भरलं तर ३ टक्के सूट, म्हणजे ४ टक्क्यांवर येतं. कडबा स्वस्त असताना भरून ठेवायला तो पैसा उपयोगी. पुढच्या उन्हाळ्यासाठी मक्याचा मुरघास, म्हणजे हवाबंद साठवलेला हिरवा चारा, करायचा विचार त्यातच बसेल. म्हशीच्या कातडीत घामग्रंथी कमी, बडोद्याच्या मे महिन्यात तिला सावली आणि अंगावर पाणी नसेल तर चारा कितीही घाला, दूध आणि माज दोन्ही जातात.

कालवड सहा महिन्यांची आहे ना? मग एक गोष्ट याच महिन्यात करा. सांसर्गिक गर्भपाताची, म्हणजे ब्रुसेलाची लस मादी वासरांना ४ ते ८ महिन्यांच्या दरम्यान एकदाच देतात, आणि ती सरकारी कार्यक्रमातून मिळते. लाळ्या-खुरकुताची वर्षातून दोनदा, ती वेगळी. ब्रुसेला माणसालाही होतो, म्हणून एखादी गाभडली तर जार-वार उघड्या हाताने काढू नका. सासूबाई काढत असतील, त्यांना आजच सांगा.

चौथी म्हैस महिन्या-दोन महिन्यांत व्यायेल. तिच्यापासून सुरुवात करा, तिचं पान कोरं आहे. वही तीन महिने भरली की मला पानांचे फोटो पाठवा, पण जनावरांची नावं लिहून. "म्हैस नंबर दोन" असं लिहिलेलं मला वाचवत नाही. आणि हो, घमेलं तोलाल तेव्हा आधी रिकामं तोला. मी एकदा विसरलो होतो, आणि आठवडाभर एका बिचाऱ्या गायीला लोखंडाचं वजन दाण म्हणून घालत होतो.